'यी ची'चे पंख: दगडातलं किती, चित्रातलं किती

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की लेक आठवीत आहे आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिला 'यी ची' या डायनोसॉरचं मॉडेल करायचं आहे. वटवाघळासारखे कातडी पंख असलेला डायनोसॉर म्हणून तो तिला भावला. पण चित्रं शोधायला बसलात तर प्रत्येक चित्रात पंख निराळे. कुठे पडदा पार कमरेपर्यंत, कुठे हातापुरताच. मनगटातून निघणारी लांब काडी एका चित्रात मागे वळलेली, दुसऱ्यात बाहेर रोखलेली. शेपटी कुणी लांब दिली आहे, कुणी दिलेलीच नाही. त्यात नात्यातल्या कुणीतरी 'चीनचे असे जीवाश्म बनावट असतात' असं सांगून ठेवलं. तेव्हा बरोबर चित्र कोणतं, हा प्राणी खरंच उडायचा का आणि मुळात तो खरा आहे का, हे तुम्हाला हवं आहे.

मी पृष्ठवंशी प्राण्यांच्या जीवाश्मांवर काम करते. दगडातून हाडं मोकळी करायची आणि त्या हाडांवरून प्राणी कसा वावरत असेल ते मांडायचं, हे माझं रोजचं काम. यी चीचा मूळ नमुना चीनमध्ये आहे, तो मी हाताळलेला नाही. त्यावरचे शोधनिबंध आणि त्यांतली छायाचित्रं मात्र मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवते, कारण तुमच्या लेकीला पडलेला प्रश्न हाच आमच्या विषयाचा गाभा आहे.

बरोबर चित्र कोणतं, याचं एका ओळीत उत्तर देता येत नाही. पण चित्रातला कोणता भाग दगडात प्रत्यक्ष दिसतो, कोणता भावकीतल्या प्राण्यांवरून घेतला आहे आणि कोणता चित्रकाराला भरावाच लागला, हे वेगळं काढता येतं. ते केलं की लक्षात येतं, हाताच्या हाडांबाबत बहुतेक चित्रांचं एकमत आहे. वाद आहे तो पडद्याच्या कडेबद्दल आणि काडीच्या दिशेबद्दल.

आधी दगडात काय आहे ते पाहू. हा जीवाश्म हेबेई प्रांतातल्या चिंगलोंग परगण्यात एका शेतकऱ्याला खाणीत मिळाला आणि २००७ मध्ये शानडोंग प्रांतातल्या तियान्यू निसर्ग संग्रहालयात आला. खडक तियाओजिशान नावाच्या थरांतला, वय सुमारे १६ कोटी वर्षं, म्हणजे जुरासिक काळाचा उत्तरार्ध. शू शिंग, झेंग शिआओटिंग, कॉर्विन सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. वजनाचा त्यांचा अंदाज ३८० ग्रॅमच्या आसपासचा, म्हणजे आपल्याकडच्या भरल्या अंगाच्या कबुतराएवढा जीव.

अशा खडकातले प्राणी थरांच्या मध्ये चपटे झालेले असतात. पाटी दुभंगली की हाड मधोमध चिरतं, काही एका पाटीवर राहतं, उरलेलं समोरच्या पाटीवर जातं. यी चीचंही तसंच आहे. डोकं, जबडा, दोन्ही हात आणि पाय चांगले टिकले आहेत. धडाचा बराच भाग, कंबर आणि शेपटी मात्र नाही. ही गोष्ट लेकीला पहिल्यांदा सांगा, कारण बहुतेक चित्रांखाली ती लिहिलेली नसते. यी चीला शेपटी कशी होती हे त्या दगडावरून कळतच नाही. चित्रात दिसते ती शेपटी त्याच्या भावकीतली आहे. चीनच्या इनर मंगोलिया प्रदेशात दाओहुगोउ इथे मिळालेल्या एपिडेक्सिप्टेरिक्सला आखूड शेपटी आणि तिला रिबिनीसारखी चार लांब पिसं होती. २००८ मध्ये त्याचं वर्णन झालं आणि तेव्हापासून चित्रकार ती रिबिन यी चीलाही लावत आले. शक्यता आहे, पुरावा नाही.

आता हात. या प्राण्याला तीन बोटं, त्यांत तिसरं सर्वांत लांब. हे त्याच्या सगळ्या कुळाचं लक्षण आहे; स्कॅन्सोरिओप्टेरिजिड असं त्या कुळाचं लांबलचक नाव. बाकीच्या मांसाहारी डायनोसॉरांत दुसरं बोट सहसा मोठं असतं, म्हणून २००२ मध्ये या कुळातले पहिले नमुने प्रसिद्ध झाले तेव्हापासून हे तिसरं बोट सगळ्यांना कोड्यात टाकत होतं. यी ची मिळेपर्यंत त्याचा उपयोग कळायला मार्गच नव्हता. आणि यी चीच्या मनगटाशी त्याहून चमत्कारिक वस्तू होती: सुमारे १३ सेंटिमीटर लांब, टोकाकडे निमुळती होत गेलेली काडी. दोन्ही मनगटांना एकेक. कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाहून ती लांब आहे. कुठल्याही डायनोसॉरमध्ये याआधी असं काही दिसलं नव्हतं. ती हाड आहे की कॅल्शियमने कडक झालेली कूर्चा, यावर चर्चा होऊ शकते, पण ती सांगाड्याचाच भाग आहे.

काडी कशासाठी, याचं उत्तर जिवंत प्राण्यांकडून मिळालं, आणि इथे आपला सह्याद्री कामाला येतो. आपल्या जंगलांत मोठी उडती खार आहे. (शेकरू नव्हे. शेकरू आपला राज्यप्राणी, पण तिला पडदा नसतो, ती नुसत्या उड्या मारते.) उडती खार रात्रीची बाहेर पडते आणि हातापासून पायापर्यंत ताणलेल्या कातडीवर एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जाते. संग्रहात द्रावणात जतन केलेल्या उडत्या खारीचा पुढचा पंजा हातात घेऊन करंगळीच्या बाजूने मनगट चाचपलं, की कातडीखाली एक लवचीक काडी बोटाला लागते. ती कूर्चेची असते. मनगटाच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या एका छोट्या हाडावर ती टेकलेली असते. अंगठ्याने ती हळूच बाहेर ढकलली की पडद्याची कड तिच्याबरोबर सरकते, आणि घडी होऊन पडलेली कातडी मनगटापलीकडे पसरते. टोक किंचित वर वळतं. विद्यार्थ्यांना मी हे स्वतःच्या बोटांनी करायला लावते. एकदा ते टोक वर वळताना पाहिलं की छत्रीची काडी कापडाला काय देते आणि ही कूर्चा त्या खारीला काय देते, हे शब्दांत सांगावं लागत नाही.

अशी टेकणकाडी निसर्गात पुन्हा पुन्हा झाली आहे आणि दर वेळी निराळ्या जागी. आफ्रिकेतल्या खवलेशेपटीच्या उडत्या खारींत ती कोपरातून निघते. वटवाघळांना पायाच्या घोट्याशी एक काटा असतो, तो शेपटीकडचा पडदा ताणतो. टेरोसॉरांना, म्हणजे डायनोसॉरांच्या काळातल्या उडत्या सरीसृपांना, मनगटाशी एक छोटं हाड होतं, ते पंखाच्या पुढच्या कडेचा पडदा सांभाळायचं. या सगळ्यांत समान गोष्ट एकच, पडदा. पडद्याशिवाय अशी काडी बाळगणारा चार पायांचा प्राणी मला माहीत नाही. यी चीवर काम करणाऱ्यांपैकी सलिव्हन यांना उडत्या खारींबद्दल वाचताना हे साम्य दिसलं. मग दगडाकडे पुन्हा पाहिलं, तर हातांच्या आणि काडीच्या आसपास पातळ कातडीचे तुकडे टिकलेले होतेच. म्हणजे अनुमान दोन बाजूंनी येऊन एका जागी भेटतं: हाड म्हणतं इथे पडदा हवा, आणि दगडावर पडदा दिसतो. माझ्या कामात इतकं नीट जुळून येणं फार क्वचित घडतं, आणि म्हणूनच मला हा छोटासा प्राणी इतका प्रिय आहे.

पडदा होता एवढं पक्कं. तो कुठपर्यंत पोचत होता, हे पक्कं नाही. दगडावर आहेत ते तुकडे, अखंड कड नाही. धडच टिकलेलं नसल्याने पडदा कुशीला जोडलेला होता, मांडीपर्यंत येत होता की हातावरच संपत होता, हे थेट दिसू शकत नाही. २०१५ च्या निबंधातच लेखकांनी पंखाचे एकाहून अधिक संभाव्य आकार दाखवले होते, वटवाघळासारखा रुंद आणि त्याहून अरुंद. तुम्ही पाहिलेली वेगवेगळी चित्रं त्यातूनच आली आहेत. एकाने एक आकार उचलला, दुसऱ्याने दुसरा. कुणी थापा मारत नव्हतं.

काडीच्या दिशेचंही तेच. प्राणी मेल्यावर गाळात पडतो, सांधे सैल होतात, वर थर साचतात आणि सगळं एका पातळीत दाबलं जातं. त्यामुळे दगडात काडी ज्या कोनात पडली आहे तो कोन जिवंतपणीचा असेलच असं नाही. टेरोसॉरांच्या मनगटातलं ते छोटं हाड पुढे रोखलेलं असायचं की खांद्याकडे वळलेलं, यावर अभ्यासकांचा मोठा वाद झाला, आणि टेरोसॉरांचे सुस्थितीतले जीवाश्म तर कितीतरी आहेत. यी चीचा एकच नमुना. त्यामुळे मी काडी मागच्या बाजूला, पडद्याची मागची कड ताणणारी अशी दाखवीन, उडत्या खारीशी आणि टिकलेल्या तुकड्यांशी ते जुळतं म्हणून. पण नेमका कोन विचाराल तर तो मी ठणकावून सांगणार नाही.

एका गोष्टीत मात्र बरीच चित्रं सपशेल चुकतात. ती यी चीला वटवाघळासारखं उघड्या कातडीचं अंग देतात. दगडात पिसं स्पष्ट आहेत. आजच्या पक्ष्याच्या पिसासारखी सपाट पात्यांची नाहीत, तंतूंसारखी ताठ आणि टोकाशी कुंचल्यासारखी. डोकं, मान, हात, पाय, सगळीकडे ती दाट आहेत. म्हणजे केसाळ म्हणावं असं पिसांनी भरलेलं अंग आणि त्यातून निघणारा कातडी पंख. दोन्ही एकाच जिवात. पिसांमधल्या रंगकणांचे अवशेषही सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले, पण नमुने ठरावीक जागांवरून घेतलेले असल्यामुळे अख्ख्या अंगाची नक्षी त्यातून मिळत नाही.

आता बनावटीचा प्रश्न. शंका घेणाऱ्याला मी दोष देणार नाही. १९९९ मध्ये 'नॅशनल जिओग्राफिक'ने आर्किओरॅप्टर नावाचा पक्षी आणि डायनोसॉर यांच्या मधला दुवा मोठ्या थाटात छापला, आणि तो निघाला जोडकाम: पुढचा भाग एका प्राचीन पक्ष्याचा, शेपटी एका छोट्या डायनोसॉरची. ते उघडकीला आणण्यात मोठा वाटा होता शू शिंग यांचा. शेपटीचा समोरचा अर्धा भाग दुसऱ्याच नमुन्यात जुळताना त्यांना दिसला. तेच शू शिंग पुढे यी चीच्या अभ्यासाचे प्रमुख झाले. त्यामुळे या नमुन्याबाबत सुरुवातीपासून सावधगिरी होती. दगडातून हाडं मोकळी करण्याचं काम संग्रहालयाच्या तंत्रज्ञाने केलं, मग बीजिंगच्या संस्थेत खरेपणाच्या वेगळ्या तपासण्या झाल्या, काडीचे रासायनिक घटक बाकीच्या हाडांशी ताडून पाहिले गेले. कामाच्या अनुभवातून सांगते: खोटं जोडकाम बहुधा सांध्याच्या ठिकाणी पकडलं जातं. भेगेची रेघ एका बाजूने येते आणि दुसऱ्या बाजूला पुढे जात नाही, किंवा गाळाच्या कणांचा पोत अचानक बदलतो, किंवा भेगेत डिंक चमकतो. डावीकडे आणि उजवीकडे एकाच प्रकारची काडी, आसपास पडदा आणि पिसं यांच्यात गुंतलेली, अशी रचना बनवणं फार अवघड.

तरीही, माझ्या मते सगळ्यात भक्कम साक्ष दुसऱ्या प्राण्याची आहे. २०१९ मध्ये वांग मिन, जिंगमाय ओकॉनर, शू शिंग आणि झोउ झोंगहे यांनी याच कुळातल्या अँबोप्टेरिक्सचं वर्णन केलं. हा लिआओनिंग प्रांतातला, निराळ्या गावचा, निराळ्या थरातला आणि यी चीहून थोडा जुना, सुमारे १६.३ कोटी वर्षांपूर्वीचा. अंगाची लांबी ३२ सेंटिमीटर, वजन अंदाजे ३०० ग्रॅम. त्याच्या मनगटालाही तशीच काडी, आणि पडद्याचे अवशेषही. पोटात छोटे खडे आणि हाडांचे तुकडे सापडले, म्हणजे खाण्यात मांस होतं असं दिसतं. दोन वेगळ्या जागी, वेगळ्या लोकांच्या हाती लागलेल्या दगडांत एकच विचित्र रचना मिळाली, तिथे जोडकामाची शंका मी तरी सोडून देते. नातेवाइकांना हेच सांगा.

उडण्याचं काय, ते आता. उडणं हा शब्द आपण सैल वापरतो. पंख मारून हवेत वर चढणं वेगळं आणि उंचावरून झेप घेऊन तरंगत खाली येणं वेगळं. पहिल्यासाठी छातीचे आणि खांद्याचे दणकट स्नायू लागतात, त्यांना चिकटायला हाडांवर जागा लागते, आणि हात जोरात वरखाली करता यावा लागतो. यी ची आणि अँबोप्टेरिक्सच्या हातांत तशी तयारी दिसत नाही. २०२० मध्ये अलेक्झांडर डेसेची आणि सहकाऱ्यांनी या दोघांच्या उड्डाणक्षमतेचा अभ्यास प्रसिद्ध केला. अंधाऱ्या खोलीत लेझर टाकला की दगडावरचे मऊ भागांचे अवशेष निराळे चमकतात. तसं करून त्यांनी पडद्याचे तपशील मिळवले आणि वेगवेगळे आकार गृहीत धरून गणितं केली. निष्कर्ष असा की पंख मारून उडणं त्यांना जमणारं नव्हतं. तरंगणं जमत होतं, पण त्यातही ते फारसे तरबेज नव्हते.

गणित कशावर अवलंबून आहे तेही लेकीला समजेल असं सांगते. तरंगण्याचा वेग ठरतो तो प्रामुख्याने वजन भागिले पंखाचं क्षेत्रफळ यावरून. वजन तेच ठेवून क्षेत्रफळ निम्मं केलं, तर तोल राखून तरंगायला साधारण १.४ पट वेग लागतो. आता पडदा कुशीपर्यंत धरला की क्षेत्रफळ मोठं, हातापुरता धरला की लहान. म्हणजे कागदावर पडद्याची कड थोडी सरकवली, तर हाच प्राणी सावकाश उतरणारा होतो किंवा जोरात आपटणारा. वजन ३८० ग्रॅम हाही अंदाज, हाडांच्या मापावरून काढलेला. तिसरी गोष्ट तोलाची. पंखाचा मध्य आणि अंगाच्या वजनाचा मध्य जवळ जवळ यायला हवेत, नाहीतर तोंड खाली जातं किंवा मागचा भाग. शेपटीचं वजन ठाऊक नाही, म्हणून हा मध्यही नेमका सांगता येत नाही. इतकं सगळं अनिश्चित असूनही डेसेचींच्या अभ्यासाला वजन आहे, कारण पंखाचे वेगवेगळे आकार धरले तरी पंख मारून उडणं कशातच बसत नाही. निरनिराळ्या गृहीतकांतून एकच उत्तर येतं, तेव्हा मी त्यावर भरवसा ठेवते.

मग अशा अर्धवट तरंगणाऱ्या जिवाचं चालायचं कसं? चालत होतं. तो एकटा नव्हता. त्याच काळातल्या त्याच परिसरातल्या खडकांत मायोपॅटेजियम आणि व्हिलेव्होलोडॉन हे पडद्यावर तरंगणारे सस्तन प्राणी मिळाले आहेत, दोन्हींची वर्णनं २०१७ मधली. त्याआधी २००६ मध्ये व्होलॅटिकोथेरियम मिळाला होता, तोही तसाच. वर टेरोसॉर उडत होते. खाली अँकिऑर्निससारखे चारही हातापायांना पिसांचे पंख असलेले छोटे डायनोसॉर होते. गिंको, सूचिपर्णी आणि नेच्यांच्या त्या जंगलात झाडावरून झाडावर जायचे इतके मार्ग एकाच वेळी आजमावले जात होते. पडद्याचा डायनोसॉर हा त्यांतला एक. त्यांचं कुळ पुढच्या काळात दिसत नाही, आणि डेसेची यांच्या मते पक्ष्यांच्या पूर्वजांपुढे आणि टेरोसॉरांपुढे त्यांचा निभाव लागला नसावा. हे कारण पटण्याजोगं आहे, पण ते कारणच आहे असं मी दोन नमुन्यांवरून म्हणणार नाही.

अँबोप्टेरिक्सच्या अभ्यासातली एक गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. पक्ष्यांकडे जाणाऱ्या वाटेवर हात लांब झाला तो मुख्यतः तळहाताची हाडं लांबून. या कुळात तळहात आखूडच राहिला आणि लांबी आली ती दंडात, कोपरापुढच्या हाडात आणि तिसऱ्या बोटात. म्हणजे दोन्हीकडे हात लांबला, पण वेगवेगळ्या ठिकाणी. मॉडेल करताना हाताची ही मापं बरोबर घ्या. बहुतेक खेळण्यांत इथेच चूक असते, तिथे पक्ष्याचा हात घेऊन त्याला पडदा चिकटवलेला असतो.

तर आत्तापर्यंतचा हिशोब असा: हाताची हाडं, काडी, पिसं आणि पडद्याचं अस्तित्व पक्कं. पडद्याची कड, काडीचा कोन, शेपटी आणि अंगाचा रंग अंदाजाचे. आता मॉडेल.

धड एकच करा आणि पंखांच्या जोड्या दोन करा. आधी कागदाच्या लगद्याचं कबुतराएवढं धड. डोकं आखूड आणि बोथट, पुढचे थोडेच दात, वरचे किंचित पुढे आलेले. मान, धड आणि हातपायांवर सुतळीचे धागे सोडवून दाट चिकटवा. त्या जाड, ताठ तंतूंना सुतळी चांगली जमते, कोंबडीची पिसं लावू नका. हाताला बारीक तार. तिसरं बोट सगळ्यांत लांब, आणि मनगटाशी निमुळती केलेली बांबूची काडी, कोपरापासून मनगटापर्यंतच्या अंतराहून लांब. पडद्याला जुन्या छत्रीचं कापड किंवा ट्रेसिंग पेपर. एक जोडी कुशीपर्यंत येणारी रुंद, दुसरी हाताच्या मागे संपणारी अरुंद. दोन्ही काढता-घालता येतील अशा. पाहणाऱ्याला लेकीने ती बदलून दाखवावी. परीक्षकांच्या मनात कुठलाही तक्ता करणार नाही एवढं काम ते अदलाबदल करणं करेल.

रंगाचा वापरही पुरावा सांगायला करा. जे दगडात दिसतं ते गडद, जे भावकीवरून घेतलं ते फिकट, आणि ज्याचा पुरावा नाही ते पांढरं सोडा. शेपटी लावायची असली तर ती फिकट. पडद्याचे हाताजवळचे तुकडे गडद आणि बाकीचा पडदा पांढरा. असं केलं की तुमची मुलगी संग्रहालयातल्या बऱ्याच मूर्तींहून प्रामाणिक मूर्ती करेल. मला स्वतःला संग्रहालयांनी हे करायला हवं असं फार वाटतं, आणि जिथे शक्य असतं तिथे मी तसा आग्रह धरते.

एक खबरदारी. मुलं हमखास विचारतात, मॉडेल जिन्यावरून सोडून पाहायचं का? सोडा की, मजा येईल, आणि पंख बदलल्यावर उतरण्यात काय फरक पडतो हे डोळ्यांना दिसेल. तोंड खाली गेलं तर शेपटीशी कागदाची क्लिप लावून तोल साधून पाहा. पण तारेचं आणि बांबूचं मॉडेल आपटलं म्हणून यी ची आपटत होता असा निष्कर्ष काढू देऊ नका. जिवंत प्राणी तरंगताना पडदा क्षणाक्षणाला ताणतो आणि सैल करतो. दक्षिण कोकणापासून खाली गोवा आणि केरळपर्यंत झाडांवर उडता सरडा मिळतो. त्याचा पडदा बरगड्यांवर ताणलेला असतो आणि तरंगताना तो पडद्याची पुढची कड चक्क पुढच्या पायांनी धरतो. असं काही कागदाला करता येत नाही.

तुम्ही शेवटी विचारलं होतं, असा प्राणी महाराष्ट्रात मिळेल का. राज्याचा मोठा भाग ज्या काळ्या पाषाणाने झाकला आहे तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, यी चीनंतर नऊ-साडेनऊ कोटी वर्षांनी आलेला. जुरासिक काळाचे आपले खडक आहेत ते गडचिरोलीत सिरोंच्याच्या बाजूला, प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात, कोटा नावाच्या थरांत. तिथून पलीकडे तेलंगणापर्यंत ते पसरलेत. बारापासॉरस, कोटासॉरस हे अवाढव्य शाकाहारी डायनोसॉर याच थरांतले. तिथल्या चुनखडीत खवल्यांसकट माशांचे ठसे मिळतात, टेरोसॉरचेही काही अवशेष मिळाले आहेत. पण ते थर यी चीहून जुने आहेत, आणि पिसं किंवा पडदा टिकावा इतका बारीक गाळ, ज्वालामुखीची राख आणि शांत तळं असा योग लिआओनिंग-हेबेईकडच्या थरांत जसा जमला तसा आपल्याकडे अजून दिसलेला नाही. मासे पाहायला मात्र मुलीला नक्की न्या. सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म उद्यान आहे. दगडात खवल्यांची रांग कशी दबते, कुठे तुटते, कुठे नुसती सावली उरते, हे तिने जवळून पाहिलं तर यी चीच्या छायाचित्रातला पडद्याचा डाग तिला आपोआप ओळखू येईल.

मॉडेलच्या पाटीवर नावाखाली हेबेई, चीन, सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी असं लिहा, आणि त्याखाली 'एकच नमुना, धडाचा बराच भाग आणि शेपटी उपलब्ध नाही' ही ओळ ठळक अक्षरांत. हाताच्या हाडांची लांबी एकमेकांच्या प्रमाणात कशी धरायची हे अडलं, तर ती धडाची लांबी किती घेते आहे तेवढं कळवा, मी मापं काढून देईन.